लाल मातीखालचे डाग : एकाच पैलवानाला दोनदा झालेला मेनिंजायटिस

जानेवारीतली पहाट, पाच वाजायच्या आतली. कोल्हापुरातल्या एका तालमीतली चार पोरं पाचव्याला रिक्षातून उचलून कॅज्युअल्टीत घेऊन आली. वय १९, वजन ८६ किलो. आदल्या संध्याकाळी मेहनत झाल्यावर अंग कसकसतंय म्हणून तो हातपाय न धुताच घोंगडं घेऊन पडला. रात्री दोनदा ओकला, डोकं फुटतंय म्हणत राहिला आणि तीनच्या सुमाराला असंबद्ध बोलू लागला. मागोमाग वस्ताद आले. "काल सांजंला जोर मारलं की ह्येनं, डाक्टर. कायबी न्हवतं."

(घरच्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताप १०३, नाडी १२४, रक्तदाब ९६/५८. मान आखडलीय का (मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांची सूज, तिच्यात मान ताठते) हे पाहायला गेलो आणि पंचाईत झाली. पैलवानाची मान मुळातच खांबासारखी, ती दुखण्यानं ताठ आहे की मेहनतीनं तयार झालीय हे हाताला कळेना. निदानाचा पहिला धागा मला सापडलाच नाही, तो सिस्टरांना सापडला. सलाइन लावण्याआधी त्या ओल्या फडक्यानं त्याच्या नडग्यांवरची आखाड्याची लाल माती पुसत होत्या. माती निघाली, पण खालचे काही ठिपके निघेनात. जांभळट, टाचणीच्या डोक्याएवढे, घोट्याजवळ दोन-तीन मोठे. काचेची पट्टी दाबून पाहिली तरी ते फिके पडले नाहीत. म्हणजे रक्त वाहिनीतून बाहेर, कातडीत उतरलं होतं.

ताप, बिघडलेली शुद्ध आणि न दबणारे जांभळे ठिपके हे त्रिकूट दिसलं की तपासण्यांची वाट पाहत बसायचं नसतं. कल्चरसाठी रक्त काढलं आणि लगेच सेफ्ट्रायाक्सोन दोन ग्रॅम शिरेतून दिलं. पाठीतलं पाणी त्यानंतर काढलं. ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. पेशी ३,२००, त्यातल्या नव्वद टक्क्यांवर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. साखर १८, प्रथिनं २८०. ग्रॅम स्टेनमध्ये पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी, जोडीजोडीनं बसलेले, घेवड्याच्या दाण्यासारखे जंतू दिसले. नायसेरिया मेनिंजायटिडिस, म्हणजेच मेनिंगोकोकस. पुढे पीसीआरमध्ये गट निघाला वाय. हे जरा विचित्र होतं. आपल्याकडच्या साथी, २००५ ची दिल्लीतली धरून, ए गटाच्या. वाय गट एरवी सहसा नाकातोंडातून पुढे रक्तात जात नाही.

तालमीचा बंदोबस्त त्याच दिवशी करावा लागला. हा जंतू श्वासातल्या थेंबांतून, जवळच्या सहवासातून पसरतो. ३२ पोरं एकाच हॉलमध्ये अंथरुणाला अंथरूण लावून झोपणारी, एकाच तांब्यानं पाणी पिणारी आणि दिवसातून दोनदा एकमेकांच्या गळ्यात गळा घालून झोंबणारी. प्रत्येकाला सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची एकेक गोळी दिली आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवलं. दुसरं कुणी आजारी पडलं नाही.

पोरगं तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलं, सातव्या दिवशी इंजेक्शनं संपली. ऐकू येणं शाबूत, हातपाय शाबूत. प्रकरण इथं संपलं असतं, तर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

जुनं कार्ड

घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईनं पिशवीतून एक घड्या पडलेलं कार्ड काढलं. तीन वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, दुसऱ्या एका दवाखान्यात हाच ताप, हीच डोकेदुखी. निदान "पायोजेनिक मेनिंजायटिस", म्हणजे पू करणाऱ्या जंतूंचा. पाणी काढण्याआधी प्रतिजैविकं सुरू झालेली, त्यामुळे कल्चरमध्ये काही उगवलेलं नव्हतं. बरा झाला, घरी गेला. त्यात दोष देण्यासारखं काही नाही. एकदा झालेला मेनिंजायटिस हे दुर्दैव असतं. दुसऱ्यांदा झाला की मात्र कारण शोधावंच लागतं.

प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. आजीच्या मते नजर. आमच्या निवासी डॉक्टरांच्या मते कवटीच्या तळाला चीर. पैलवान आहे, डोक्यावर आपटतो, नाक दोनदा मोडलंय. चिरेतून मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपत असेल आणि त्याच वाटेनं जंतू वर जात असतील. शंका रास्त होती, म्हणून सीटी केला. चीर नव्हती. पण सीटीच्या आधीच मला ती शंका पटत नव्हती, कारण जंतू वेगळा होता. चिरेतून वर जाणारा नेहमीचा गडी न्यूमोकोकस. मेनिंगोकोकस पुन्हा पुन्हा येतो तेव्हा बहुधा भिंतीला भोक नसतं, पहाऱ्यात कुणीतरी गैरहजर असतं.

वस्तादांना मी बोलताबोलता म्हणालो, "याच्या प्रतिकारशक्तीत काहीतरी कमी असावं." ते चिडलेच. "प्रतिकारशक्ती? दोन लिटर दूध पितंय दिसाला. बदाम, तूप, मटान. उभ्या तालमीत ह्येच्यावानी अंग न्हाई कुणाचं!" चूक माझीच होती. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द आपण रांजणातल्या पाण्यासारखा वापरतो, कमी झाली, वाढवली, काढे पिऊन भरून काढली. करोनानंतर तर प्रत्येक किराणा दुकानात ती पुड्यांतून मिळू लागली. या मुलाच्या बाबतीत कुठलाच रांजण रिकामा नव्हता. प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) दोन मुख्य प्रकार, आयजीजी १,३८० मिलिग्रॅम, आयजीएम १४०, दोन्ही व्यवस्थित. पांढऱ्या पेशी भरपूर, सोनोग्राफीत प्लीहा जागेवर, एचआयव्ही निगेटिव्ह. तालमीत पोरांना गळवं होतात, याला इतरांपेक्षा जास्त होत नव्हती. न्यूमोनिया कधी नाही. म्हणजे स्टॅफिलोकोकसशी जमतंय, न्यूमोकोकसशी जमतंय, एकाच कुळातल्या जंतूसमोर मात्र हा बहुधा दोनदा आडवा झालाय. इतकी नेमकी खोट दिसली की यादी फार छोटी उरते.

पकड आणि चितपट

प्रतिपिंड जंतूला मारतं असा सर्रास समज आहे. बहुतेक वेळा ते मारत नाही. वाय अक्षरासारखं हे प्रथिन, त्याच्या दोन हातांची टोकं जंतूवरच्या ठरावीक खुणेला घट्ट बसतात आणि बुंधा बाहेर राहतो. धनुर्वात किंवा घटसर्पाच्या विषावर एवढंच पुरतं, विषाचं तोंड बंद होतं. विषाणूला पेशीत शिरता येत नाही. पण जिवंत जीवाणूच्या अंगावर प्रतिपिंडं नुसती चिकटून राहिली, तर त्याचं फारसं बिघडत नाही. पकड बसली, पुढचा डाव बाकी.

तो डाव कॉम्प्लिमेंटचा. मराठीत पूरक प्रथिनं म्हणतात, ती तिसाहून अधिक आहेत, बहुतेक यकृतात तयार होतात आणि रक्तात निजलेल्या अवस्थेत फिरत असतात. बाहेर राहिलेल्या बुंध्याला पहिलं येऊन चिकटतं ते सी१क्यू. सहा डोकी असलेलं, देठांच्या जुडीसारखं. आयजीएम पाच जणांच्या टोळीनं येतं, त्यामुळे त्याचा एकच रेणू जंतूवर पसरला तरी सी१क्यूला पुरेसे आधार मिळतात. आयजीजी एकेकटं असतं, तेव्हा ते अनेक, शेजारीशेजारी बसलेले लागतात. सी१ जागं झालं की ते सी४ आणि सी२ तोडतं, त्यांच्या तुकड्यांचं मिळून एक विकर बनतं आणि ते सी३ तोडू लागतं. (एकनंतर चार का? क्रमांक शोधाच्या ओघात पडले म्हणून. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी यावरून शिव्याशाप दिले असतील.)

सगळ्या खेळाचा मध्यबिंदू सी३. तो तुटताक्षणी त्यातला सी३बी हा तुकडा जंतूच्या कातडीला रासायनिक बंधानं कायमचा चिकटतो. पांढऱ्या पेशींना ही खूण ओळखता येते आणि त्या जंतूला गिळतात. सी३ए आणि पुढचा सी५ए हे छोटे तुकडे रक्तात पसरतात, वाहिन्या सैल करतात आणि न्यूट्रोफिलना बोलावून आणतात. प्रतिपिंड नसतानाही सी३ थोडाथोडा आपोआप तुटत असतो, आणि ज्या पृष्ठभागावर त्याला आवरणारं कुणी नसतं तिथं तो भडकतो. हा झाला पर्यायी मार्ग. जंतूच्या अंगावरच्या शर्करा ओळखून सुरू होणारा तिसरा मार्गही आहे. तिन्ही वाटा सी३ पाशी मिळतात.

तिथून पुढे शेवटची पाच माणसं. सी५ तुटतो, त्याचा सी५बी सी६ ला धरतो, मग सी७ येतो. सी७ आला की या जोडगोळीचा आकार बदलतो, तेलकट बाजू बाहेर येते आणि ती जंतूच्या पटलात रुतते. सी८ आत घुसतो, त्याच्याभोवती सी९ चे अठरापर्यंत रेणू गोल कडं करतात. भोक तयार. रुंदी सुमारे दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. त्यातून पाणी आत शिरतं आणि जंतू फुटतो.

आता हे भोक कुणाला पडतं? स्टॅफिलोकोकस आणि न्यूमोकोकस यांच्या अंगावर जाड भिंत असते, आतल्या पटलापर्यंत हे कडं पोचतच नाही. त्यांना गिळूनच मारावं लागतं. नायसेरियाची भिंत पातळ, बाहेरचं पटल उघडं, तोच या हत्याराचा खरा गिऱ्हाईक. जंतूही काही कमी नाही. अंगावर शर्करेचं कवच घेतो आणि आपल्याच रक्तातलं फॅक्टर एच ओढून अंगाला लावतो. फॅक्टर एच म्हणजे 'ही आपली पेशी, हिला सोड' असं कॉम्प्लिमेंटला सांगणारं प्रथिन. म्हणून प्रतिपिंडांची पकड भक्कम लागते आणि तिच्या पाठीशी भोक पाडणारी फळीही लागते.

१९६७-६८ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स या लष्करी छावणीत हे फार स्वच्छ दिसलं. नवे भरती झालेले जवान, एका बराकीत कोंबलेले, म्हणजे आमच्या तालमीसारखीच स्थिती. गोल्डश्नायडर, गॉटश्लिक आणि आर्टेनस्टाइन यांनी हजारो जवानांचं रक्त आजार येण्याआधीच साठवून ठेवलं. पुढे ज्यांना मेनिंजायटिस झाला त्यांच्यातल्या ५४ पैकी फक्त तिघांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात) जंतू मारण्याची ताकद होती. न झालेल्यांत ती ८२ टक्क्यांकडे होती. ही ताकद मोजताना सीरमबरोबर कॉम्प्लिमेंट असावंच लागतं. नळीत नुसती प्रतिपिंडं ठेवली तर जंतू आरामात जगतात.

वस्तादांना यातलं निम्मंच सांगितलं. त्यांनी उरलेलं स्वतःच जुळवलं: "म्हंजे पट काढतंय पोरगं, पर चितपट हुईना." इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवूनही मला हे असं सुचलं नव्हतं.

नमुना उन्हात

या फळीची तपासणी आहे सीएच५०. मेंढीच्या तांबड्या पेशींवर आधीच प्रतिपिंडं बसवलेली असतात, त्यात रुग्णाचं सीरम घालायचं. सी१ पासून सी९ पर्यंत सगळे हजर असले तर पेशी फुटतात आणि नळी लाल होते. एक जरी गैरहजर असला तर पेशी तळाशी बसतात, वर पाणी स्वच्छ. भर आजारात कॉम्प्लिमेंट खर्च होऊन पातळी पडते, म्हणून आम्ही सहा आठवडे थांबलो. मार्च उजाडला. सीरम काढून नेहमीच्या कुरिअरनं मुंबईला पाठवलं आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला: शून्य.

मला आनंद झाला, हे कबूल करतो. डॉक्टरांना असा आनंद होतो. तो तासभर टिकला. प्रयोगशाळेतून फोन आला, नमुना पोचला तेव्हा गरम होता.

१८९० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे नेमकं हेच करून पाहत होता. रोगाविरुद्ध तयार झालेलं सीरम त्यानं ५५ अंशांच्या आसपास तापवलं तर ते जंतू फोडेना. मग त्यात कधीच न आजारलेल्या जनावराचं ताजं सीरम थेंबभर घातलं की पुन्हा फोडू लागलं. म्हणजे सीरममध्ये दोन वस्तू होत्या. एक उष्णता सोसणारी, त्या रोगापुरती तयार झालेली, ती प्रतिपिंडं. दुसरी नाजूक, प्रत्येकात जन्मतः असणारी. पाउल एर्लिखनं या दुसरीला कॉम्प्लिमेंट हे नाव दिलं. बोर्देला १९१९ चं नोबेल मिळालं. आणि मी शंभराहून अधिक वर्षांनी तीच नाजूक वस्तू मार्चच्या उन्हात थैलीतून पाठवली होती. निरोगी माणसाचं सीरमही असं पाठवलं असतं तर आकडा पडलाच असता.

दुसऱ्या खेपेला नीट केलं. रक्त काढलं, गोठू दिलं, तासाभरात सीरम वेगळं करून उणे सत्तरला गोठवलं. थर्माकोलच्या पेटीत ड्राय आइस भरून मुलाचा मामा रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं स्वतः घेऊन गेला. पेटीत दोन नळ्या होत्या. एक पोराची, दुसरी माझी. पेटी वाटेत तापली असेल तर दोघांचाही आकडा पडेल, हा हिशेब.

माझा आकडा व्यवस्थित आला. त्याचा शून्य.

पर्यायी मार्गाची तपासणी एएच५०, तीही शून्य. सी३ ११८, सी४ २६, दोन्ही उत्तम. हे कोडं मग कागदावरच सुटतं. फक्त सीएच५० शून्य असतं तर दोष सी१, सी४ किंवा सी२ मध्ये. फक्त एएच५० शून्य असतं तर पर्यायी मार्गातल्या प्रॉपर्डिन या प्रथिनात किंवा त्याच्या सोबत्यांत. दोन्ही शून्य आणि सी३ जागेवर, म्हणजे सी३ च्या पुढे कुठंतरी, सी५ ते सी९ मध्ये. प्रयोगशाळेनं एकेक शुद्ध प्रथिन नळीत घालून पाहिलं. सी६ घातलं, पेशी तशाच. सी७ घातलं आणि नळी लाल झाली.

त्याच्या रक्तात सी७ नव्हतंच. जनुकीय तपासणीत दोन्ही प्रतींत एकच बिघाड निघाला. असा दोष असणाऱ्यांना मेनिंगोकोकसचा धोका इतरांच्या हजारपटीहून जास्त असतो, आणि पहिला झटका बहुधा बाळपणी न येता पौगंडावस्थेत येतो. गटही पुष्कळदा वायसारखे आडवाटेचे. आमच्या पोराचं सगळं पुस्तकाबरहुकूम, फक्त पुस्तक आम्ही दुसऱ्या खेपेला उघडलं. अशा रुग्णांत मृत्यू मात्र इतरांपेक्षा कमी. एक तर्क असा, की जंतू फुटत नाहीत म्हणून त्यांच्या भिंतीतलं विष एकदम रक्तात सांडत नाही.

लस कशाला मग?

मुलाच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न आमच्या निवासी डॉक्टरांनाही पडला होता. लसीनं प्रतिपिंडं वाढणार. प्रतिपिंडं याला आहेतच, फोडणारं हत्यारच नाही. मग लसीचा उपयोग काय?

उपयोग असा, की याच्यात सी३ पर्यंतचा रस्ता शाबूत आहे. प्रतिपिंडं जितकी दाट बसतील तितका सी३बी जास्त चिकटेल आणि न्यूट्रोफिलना गिळायला तितकं सोपं जाईल. भोक पाडायचं हत्यार नसलं, तरी गिळायचं आहे, ते धारदार ठेवायचं. म्हणून ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चार गटांवरची संयुग्मित लस, आठ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा एक. बी गटाची लस आपल्याकडे सहज मिळत नाही, तेवढी फट राहते. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एक्स गटासह पाच गटांवरची लस तयार होते आणि २०२४ पासून नायजेरियात ती साथीविरुद्ध दिली जातेय. इथून चार तासांवर बनणारी वस्तू आफ्रिकेत पोचते, आणि कोल्हापुरात चौगटी लस मागवायला आम्हाला आठवडा लागला.

रोज पेनिसिलिन द्यावं का, यावर मतं दोन आहेत. मी दिलं नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा जन्मभर रोज गोळी घेईल यावर माझा विश्वास नाही. त्याऐवजी एक कार्ड लॅमिनेट करून दिलं: सी७ नाही, मेनिंगोकोकसचा धोका, ताप आला तर आधी सेफ्ट्रायाक्सोन द्या, मग प्रश्न विचारा. ते मराठीत आणि इंग्रजीत आहे. कुस्तीच्या दौऱ्यात ते वस्तादांच्या पाकिटात असतं. कुस्ती सोडायला मी सांगितलं नाही. हॉलमधलं अंथरूण मात्र त्याला खिडकीशी मिळालं आहे, आणि तांब्या वेगळा.

घरातली दुसरी नळी

त्याचे आईवडील नात्यातले. वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केलेली, आपल्या भागात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बिघडलेली एकेक प्रत दोघांकडे, दोघंही ठणठणीत. प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. म्हणून सतरा वर्षांच्या बहिणीची तपासणी केली. तिचाही सीएच५० शून्य. बारावीत आहे, आजवर साधं सर्दीपडसं सोडून काही नाही. आईला ते पटेना. न आजारलेल्या पोरीला लस का टोचायची हे समजावण्यात माझी एक आख्खी ओपीडी गेली. शेवटी पैलवान भावानंच तिला धरून आणलं.

खरी अडचण त्यानंतर कळली. तिचं आत्याच्या मुलाशी जमवायचं घरात लहानपणापासून ठरल्यासारखं होतं. शिक्षण होईपर्यंत लग्न नाही, पण बोलणं पक्कं. वडील एकटेच आले, दार लावून घेतलं आणि विचारलं, "त्याच्यातबी आसंल का?" मी हिशेब मांडून दाखवला. आत्याकडे बिघडलेली प्रत असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलाकडे पाव. त्याच्याकडे ती निघाली, तर या दोघांच्या प्रत्येक मुलाला हा दोष होण्याची शक्यता निम्मी. नसली, तर मुलं फक्त वाहक होतील. सीएच५० वरून वाहक खात्रीनं ओळखता येत नाही, जनुकच वाचावं लागेल.

ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "बहिणीला काय सांगू?"

आठ दिवसांनी तेच त्या मुलाला घेऊन आले. आयटीआय झालेला, शिरोलीच्या एका कारखान्यात कामाला, सुईला घाबरणारा. त्याचा नमुना या वेळी साध्या कुरिअरनंच गेला. डीएनएला बर्फ लागत नाही.